सेकंडहँड कपडे घ्यायचेत, पण जमतच नाहीये

मुलुंडवाली: मंडळी, थ्रिफ्टिंग (म्हणजे वापरलेले कपडे शोधून घेणं) सुरू केलंय पण बाजारात कपड्यांच्या ढिगासमोर उभी राहिले की काय उचलावं तेच कळत नाही, आणि इन्स्टावरून मागवलं तर एल लिहिलेला शर्ट खांद्यातच अडकतो, वर परतही घेत नाहीत. आई म्हणते जुने कपडे बोहारणीला द्यायचे असतात, विकत आणायचे नसतात. तुम्ही कसं करता?

गिरगावकर: लेबल विसर. तुला नीट बसणारा शर्ट पलंगावर सपाट पसर, या काखेपासून त्या काखेपर्यंत टेपने मोज, खांदा पण मोज आणि इन्स्टावाल्यांना तेच माप इंचात विचार. देत नसतील तर सरळ सोडून दे.

टेलरची लेक: ढिगात रंग बघू नकोस, आधी कापड हाताला कसं लागतंय ते बघ. मग उलटं करून उजेडात धर, काख, कॉलरची आतली घडी, मांडीची शिवण, चेन दोनदा खालीवर कर. बटण तुटलंय, उसवलंय तर बिनधास्त घे, पण काखेतला जुना पिवळा डाग सहसा जात नाही गं.

लोकलकर: मुंबईतल्या फॅशन स्ट्रीटला बराचसा माल एक्स्पोर्ट सरप्लस असतो, म्हणजे परदेशी पाठवायला बनवून उरलेला, वापरलेला नाही, मग आईला तिथूनच पटवायला घ्या की. चोर बाजारची दुकानं शुक्रवारी बंद असतात पण त्याच दिवशी पहाटे तिथल्या रस्त्यावर जुन्या मालाचा जुम्मा बाजार भरतो, टॉर्च न्या.