बक्षीस म्हणून सांडणी: सहारातल्या छावणीत चित्रपट महोत्सव हवा कशाला?

तिसरी घंटा

पहिल्या आलेल्या चित्रपटाला जिवंत सांडणी बक्षीस देतात, पांढरी. हे वाचून आधी हसलो. मग चार रात्री त्याच विषयावर वाचत बसलो आणि आता डोक्यात झालेला गुंता इथे आणून टाकतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पश्चिम सहारा ही स्पेनची वसाहत होती. १९७५ मध्ये स्पेनने काढता पाय घेतला आणि उत्तरेकडून मोरोक्को, दक्षिणेकडून मॉरिटानिया आत शिरले. तिथले सहरावी लोक विमानांच्या बॉम्बवर्षावातून जीव वाचवत अल्जीरियात तिंदूफजवळच्या माळावर आले. मॉरिटानिया १९७९ मध्ये बाहेर पडला. मोरोक्को आणि पोलिसारिओ (सहरावींची मुक्ती संघटना) यांची लढाई १९९१ पर्यंत चालली. मग संयुक्त राष्ट्रांनी सार्वमत घेण्याचं ठरवलं, ते आजतागायत झालेलं नाही. मधे सुमारे २,७०० किलोमीटरची वाळूची भिंत आणि तिच्याकडेने पेरलेले सुरुंग. २०१८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे छावण्यांत १,७३,६०० माणसं आहेत. छावण्यांना नावं दिलीत ती सोडून आलेल्या गावांची: स्मारा, औसर्द, लायून, बुजदूर, दाखला.

महोत्सवाचं नाव फिसहारा. पेरूचे दिग्दर्शक हाविएर कोरक्वेरा यांच्या पुढाकारातून २००३ मध्ये सुरू झाला. बरीच वर्षं सगळ्यात आडवळणी असलेल्या दाखला छावणीत व्हायचा, अलीकडे औसर्दमध्ये होतो. मालमोटारीच्या बाजूला पडदा, वाळूवर सतरंज्या. स्पेनहून खास विमानाने पाहुणे येतात आणि निर्वासितांच्याच घरी राहतात.

आता माझी तक्रार. हा उत्सव नक्की कोणाचा? २००८ मध्ये स्पॅनिश नट हाविएर बार्देम येऊन गेला. त्याने निर्माता म्हणून या प्रश्नावर माहितीपट काढला, त्याला स्पेनचा मानाचा गोया पुरस्कार मिळाला. छान. पण २०२२ मध्ये त्याच स्पेनच्या सरकारने पश्चिम सहाराला आपल्याच ताब्यात ठेवून स्वायत्तता देण्याच्या मोरोक्कोच्या योजनेला पाठिंबा देऊन टाकला. टाळ्या वाजवणारे माद्रिदला परतले, छावणी जिथल्या तिथे. वर मला असंही वाटतं की दर खेपेला मांडव घातला की तात्पुरतं घर थोडं आणखी कायमचं होतं. तुम्हाला काय वाटतं?

सातारी तडका

असहमत. आणि जरा रागाने असहमत.

७२ च्या दुष्काळात आमचे आजोबा दिवसभर खडी फोडायचे आणि गावात तमाशा आला की रात्री तिथेही जायचे. 'आधी पाण्याचं बघा, मग वग' असं त्यांना कोणी सुनावलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गणपतीत रस्त्यावर पडदा लागायचा, उशीर झाला की पडद्याच्या मागच्या बाजूला बसावं लागायचं. तिथून हिरो डावखुरा दिसायचा आणि पाट्या उलट्या. तरी एक जण उठून जात नसे. माणूस उपाशी असला म्हणजे त्याला फक्त भूकच असते, हा शोध पोट भरलेल्यांनीच लावलेला आहे.

हिशेबनीस

तडकाभाऊ, भावना पोचल्या. पण तुमच्या आजोबांचा तमाशा बाहेरगावचे लोक विमान करून बघायला येत नव्हते.

छावण्यांत बहुतेक पाणी टँकरने येतं. महिन्याचं रेशन म्हणजे पीठ, डाळ, तेल, साखर, तेही जगाच्या मदतीवर, आणि देणगीदारांनी हात आखडला की त्यात कपात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या पाहण्यांत निम्म्याच्या आसपास बायका-मुलांना रक्तक्षय आढळलाय. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाऊस पडला तर मातीच्या विटांची हजारो घरं विरघळली. अशा ठिकाणी एका विमानाचं भाडं, जनरेटर, प्रोजेक्टर, पाहुण्यांचं खाणंपिणं यांचा हिशेब मांडायला मन धजत नाही, पण कोणीतरी मांडला पाहिजे. पाहुण्याला मटण खाऊ घालणारं घर पुढचे पंधरा दिवस काय खातं?

माद्रिदकर

या धाग्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण हिशेबनीसांचं मटण वाचून राहवेना.

मी २०१४ मध्ये दाखल्याला गेले होते. नोकरीनिमित्त इथे स्पेनमध्ये आहे. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक कुटुंब दर उन्हाळ्यात छावणीतल्या एका मुलाला दोन महिने आणतं. इकडे अशी जुनी योजनाच आहे, 'शांततेतल्या सुट्ट्या' असं तिचं नाव. तिकडे उन्हाळ्यात पारा पन्नासच्या वर जातो. त्या मुलामुळे माझं जाणं झालं. विमानाचे पैसे मी माझे भरले, माझ्यासोबतच्या बऱ्याच जणांनीही. निघताना पीठ, औषधं, बॅटऱ्या असं आपापल्या बॅगेत भरून नेलं होतं. म्हणजे निर्वासितांचं रेशन कापून आम्ही फिल्मा पाहिल्या असं नाही. पाहुणचाराने त्यांच्यावर भार पडतो हे मात्र खरं आहे, त्यावर वाद नाही.

ज्या घरी उतरले तिथे एक खोली मातीच्या विटांची आणि शेजारी तंबू, त्याला खैमा म्हणतात. मागे शेळ्यांचा वाडा, मोडक्या गाडीचे पत्रे आणि तारा एकमेकांत गुंतवून केलेला. पहिल्या संध्याकाळी चहा झाला. तीन पेले, पहिला कडू, दुसरा गोड, तिसरा सौम्य, आणि त्यावरचं ते आयुष्य-प्रेम-मृत्यूचं वाक्य प्रत्येक प्रवासवर्णनात असतं म्हणून गाळते. जे कुठे वाचलं नव्हतं ते सांगते: चहा इतक्या वेळा या पेल्यातून त्या पेल्यात ओततात की पेल्यात बोटभर फेस उभा राहतो, आणि फेस आला नाही तर घरातली म्हातारी पुन्हा सुरुवात करायला लावते. पिक्चरची वेळ टळली तरी चालेल, फेस हवा. आम्ही पोचलो तेव्हा अर्धा तास निघून गेला होता.

पडद्यासमोर पोरंच पोरं. वारा सुटला की प्रोजेक्टरच्या झोतात वाळू दिसते, पाऊस पडल्यासारखी. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. दुपारी एका खोलीत तिथल्याच मुलामुलींनी केलेल्या लघुपटांचा खेळ होता. एका मुलीने तिच्या आजीला फक्त समुद्राबद्दल बोलायला लावलं होतं. खरं दाखला शहर अटलांटिकच्या काठावर आहे, आणि दाखला छावणीत जन्मलेल्या पोरांना चहूकडे दगड आणि वाळू. आजी मासे कसे वाळवायचे ते हातवारे करून सांगत होती. तो कॅमेरा नंतर मी पाहिला: बॅटरीचं झाकण गायब, तिथे चिकटपट्टी.

छावणीत २०११ पासून आबिदीन कैद सालेह नावाची चित्रपटशाळा आहे, तीही याच महोत्सवाच्या कार्यशाळांतून उभी राहिली. बार्देम येतो आणि जातो. ती शाळा तिथेच राहते.

तिसरी घंटा

माद्रिदकर, प्रतिसादाबद्दल आभार, चहाच्या फेसासाठी तर विशेष. शाळेबद्दल माझा मुद्दा मागे घेतो, त्याचं महत्त्व मला नीट कळलं नव्हतं. पण मग शाळाच चालवा ना! वर्षभर. पाहुण्यांची यात्रा, उंटांच्या शर्यती, बक्षीस समारंभ हे कशाला?

माद्रिदकर

शाळेला उपकरणं कुठून येतात, शिकवायला कोण येतं? यात्रेतूनच. ऑक्टोबर २०११ मध्ये राबूनी (छावण्यांचं प्रशासकीय केंद्र) इथून तीन परदेशी मदतकार्यकर्त्यांचं अपहरण झालं, ते पुढच्या जुलैत सुटले. तेव्हा सगळे म्हणाले आता महोत्सव बंद. पण मे २०१२ मध्ये तो बंदोबस्तात झाला. बाहेरची माणसं यायची थांबली की छावणी विस्मरणात जाते, याची त्यांना फार भीती आहे.

उंटावरचा शहाणा

(नावामुळे या धाग्यावर बोलायचा पहिला हक्क माझाच होता, असो.)

सगळे हळवे झालेत म्हणून थोडं कडू. हा महोत्सव पोलिसारिओच्या सहकार्याने होतो. छावण्यांत सत्ता त्यांची, १९७६ पासून. दुसरा पक्ष नाही. तेव्हा 'स्वतंत्र अभिव्यक्ती' वगैरे शब्द जपून वापरा. २००९ मध्ये 'स्टोलन' नावाचा ऑस्ट्रेलियन माहितीपट आला. छावण्यांत अजून गुलामी आहे असा त्याचा दावा. पोलिसारिओ खवळली, आणि ज्या बाईंवर तो बेतला होता त्या स्वतः सिडनीला जाऊन 'माझ्या तोंडी भलतंच घातलं' असं म्हणाल्या. खरं कोणाचं ते तुम्ही ठरवा. माझा प्रश्न एवढाच: पाहुण्या दिग्दर्शकाने यजमानाला न आवडणारं काही टिपलं तर त्याला सांडणी मिळेल का?

मोरोक्कोने २००७ मध्ये स्वायत्ततेचा प्रस्ताव ठेवलाय. त्याच्या मागे अमेरिका, फ्रान्स, स्पेन आहेत. पन्नास वर्षं तंबूत राहण्यापेक्षा अर्धी भाकरी बरी, असं म्हणणारा एखादा सहरावी असेलच की. त्याचा लघुपट कुठे लागतो?

शब्दवेडी

शहाणे, प्रश्न रास्त आहे. पण तोच दिवा भिंतीच्या पलीकडेही लावा.

जुलै २०२५ मध्ये ख्रिस्तोफर नोलनने त्याच्या 'द ओडिसी'चं काही चित्रीकरण खऱ्या दाखल्यात केलं, म्हणजे समुद्राकाठच्या, मोरोक्कोच्या ताब्यातल्या. फिसहाराने लगेच पत्रक काढलं की इथल्या लोकांच्या संमतीशिवाय इथे शूटिंग करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत हा प्रदेश १९६३ पासून 'स्वशासन न मिळालेला' म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे घरापासून वीस वर्षं दूर राहिलेल्या राजाची गोष्ट अशा गावात चित्रित झाली, जिथून हाकललेले लोक पन्नास वर्षं भटकताहेत. हे कोणी पटकथेत लिहिलं असतं तर मी 'फारच जुळवून आणलंय' म्हणून नापास केलं असतं.

आणि त्याच भागात 'इक्विप मीडिया' नावाचा सहरावी गट मोर्च्यांवरचा लाठीमार गच्चीवर लपून टिपतो. पकडले गेले तर कॅमेराही जातो आणि माणूसही. छावणीत निदान पडदा उघड्यावर लावता येतो.

अवांतर: 'दाखला' हे नाव मराठीत वाचताना दर वेळी तलाठी कार्यालय आठवतं. रहिवासी असल्याचा दाखला नसलेल्या माणसांच्या वस्तीचं नाव दाखला.

उंटावरचा शहाणा

दाखल्याला दाद. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, फक्त दुसरा वाईट आहे एवढं सिद्ध झालं.

खतवाला

मी खतांच्या व्यापारात आहे, सिनेमातलं कळत नाही. पण आपण काठावर उभं राहून दोन्ही बाजूंना शिकवण देतोय ते थोडं बघू.

पोलिसारिओने जाहीर केलेल्या सहरावी प्रजासत्ताकाला भारताने १९८५ मध्ये मान्यता दिली होती आणि २००० मध्ये काढून घेतली. का, याचं अधिकृत कारण काहीही असो, माझ्या धंद्यातला माणूस एकच शब्द उच्चारतो: फॉस्फेट. आपल्या डीएपी खताला लागणारं फॉस्फेट आणि फॉस्फोरिक आम्ल मोठ्या प्रमाणात मोरोक्कोतून येतं. पश्चिम सहारात बू क्रा इथे फॉस्फेटची खाण आहे. तिथून समुद्रापर्यंत माल वाहणारा पट्टा जवळपास शंभर किलोमीटर लांब आहे, जगातला सर्वात लांब म्हणून गणला जातो. या खाणीचा माल घ्यायचा की नाही यावर परदेशी कंपन्यांत वाद झाले, काहींनी घेणं थांबवलं. आपल्याकडे सोयाबीनच्या पेरणीला डीएपीची रांग लागते तेव्हा असा प्रश्न कोणी विचारत नाही. मीही नाही विचारत. गोणी मिळाली की सुटलो.

हिशेबनीस

खतवाला, हा हिशेब माझ्याकडून राहिला होता. मान्य.

तरी विमानाचं भाडं मी सोडलेलं नाही.

तिसरी घंटा

धागा अपेक्षेपेक्षा लांबला. माझा निम्मा आक्षेप गळून पडला. उरलेला निम्मा तसाच आहे: आयोजक स्वतःच म्हणतात की हा महोत्सव एक दिवस मुक्त पश्चिम सहारात भरवायचाय. वीसहून अधिक वर्षं झाली. २०२० च्या नोव्हेंबरात युद्धविरामही मोडला. ज्या पोरांनी पहिल्या वर्षी सतरंजीवर बसून पिक्चर पाहिला त्यांची पोरं आता पडद्यासमोर बसत असतील. सातारी तडका यांचा तमाशा फडावरून फडावर जायचा, हा फड हलतच नाही. मला ते खुपतं, आणि त्यात दोष महोत्सवाचा नाही हेही कळतं.

एक बाळबोध शंका, माद्रिदकर असतील तर: त्या सांडणीचं पुढे होतं काय? विमानात तर चढवत नसतील.

माद्रिदकर

नाही हो. विजेता स्टेजवर तिची दोरी धरतो, फोटो होतात, ती बहुतेक वेळा त्याच्यावर फुरफुरते. मग तो आठवणीखातर बाहुलीएवढी ट्रॉफी घेऊन परततो आणि सांडणी छावणीतल्या एखाद्या घरी ठेवून जातो. मी होते त्या वर्षी समारंभ संपल्यावर लोक विजेत्याभोवती नव्हते, तिच्याभोवती होते. एक म्हातारे गृहस्थ तिचे दात बघत होते. आमच्या घरची बाई विचारत होती, ही दुभती कधी होईल.