एकाच सिनेमाची दोन-दोन पोस्टर दिसायलीत, मदत हवी आहे

परभणीकर:
वडिलांच्या जुन्या व्हीसीडी हार्डडिस्कवर उतरवल्या. सगळे मराठी सिनेमे, मकरंद अनासपुरेंचे बरेच. प्रत्येकाचे दोन नाहीतर तीन तुकडे. टीव्हीवर एकाच सिनेमाची दोन-दोन पोस्टर दिसायलीत. पहिला भाग संपला की सिनेमा बंद, मग वडील रिमोट घेऊन दुसरा हुडकत बसतात. एकच पोस्टर कसं करायचं? लवकर सांगा, रविवारी पाव्हणे येणारेत.

गोदाकाठ:
सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर कोणतं? कोडी, प्लेक्स का जेलीफिन? फायलींची नावं काय ठेवलीत?

मांजरा_खोरं:
नावांच्या भानगडीत पडूच नका. एमकेव्हीटूलनिक्स घ्या, व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. दोन्ही तुकडे जोडून एकच फाईल करा, विषय संपला. मी सगळा संग्रह असाच केलाय.

सिनेमावेडा_जालना:
जेलीफिनमध्ये ‘कलेक्शन’ करता येतं. एकाच मालिकेतले पहिला, दुसरा, तिसरा सिनेमा एकाच पोस्टरखाली छान दिसतात.

गोदाकाठ:
जालनेकर, ते वेगवेगळ्या सिनेमांसाठी. यांचा सिनेमा एकच आहे. उलट तुम्ही जपा, असे सिनेमे एकाच फोल्डरात असतील आणि नावाशेवटी इंग्रजीत पार्ट १, पार्ट २ असेल तर जेलीफिन त्यांनाच एक समजतं. प्रत्येकाला वेगळं फोल्डर द्या.

परभणीकर:
जेलीफिनच आहे, जुन्या लॅपटॉपवर. फायली एमपीजी, एकेक साधारण ६०० एमबी. नावं मराठीत आहेत, ‘भाग १’, ‘भाग २’. काहींना ‘मध्यंतरापर्यंत’ आणि ‘मध्यंतरानंतर’ दिलंय.

इन्व्हर्टर_काका:
लॅपटॉपची बॅटरी धड आहे का? आमच्या हिंगोलीकडं लाईट कधी जाईल नेम नाही. कॉपी चालू असताना गेली की फाईल अर्धवट राहते. आधी यूपीएस घ्या.

गोदाकाठ:
काका, ते वेगळ्या धाग्यात बोलू.
परभणीकर, जेलीफिनला ‘भाग’ आणि ‘मध्यंतर’ कळत नाही. त्याला शेवटी इंग्रजी अक्षरांत सीडी, डीव्हीडी, पार्ट, पीटी किंवा डिस्क यातलं एक लागतं, पुढं आकडा. आकडाही इंग्रजीच, देवनागरी चालत नाही. म्हणजे सिनेमाचं नाव, कंसात वर्ष, डॅश, cd1. त्याआधीचं नाव सगळ्या तुकड्यांत अक्षरशः सारखं पाहिजे आणि सगळे एकाच फोल्डरात. नंतर लायब्ररी स्कॅन करा. फायली जास्त असतील तर एकदम नावं बदलायला विंडोजवर पॉवरटॉईजचं पॉवररिनेम वापरा.

मांजरा_खोरं:
एवढा खटाटोप कशाला? जोडायला मिनिटं लागतात, चित्राचा दर्जाही तसाच राहतो.

गोदाकाठ:
राहतो, पण दोन्ही तुकड्यांच्या चित्राचा आकार आणि आवाजाची मांडणी जुळली तरच जोडलं जातं. एक सीडी दुसरीकडून आणलेली असली की अडतं. मूळ फायली हात न लावता ठेवलेल्या बऱ्या.

परभणीकर:
झालं दादा! एकच पोस्टर आलं. टीव्हीवर दुसरा भाग आपोआप लागतो. मोबाईलवर मात्र लागेना.

मांजरा_खोरं:
तेच सांगायलो. काही ॲप पुढचा भाग स्वतःहून लावत नाहीत. मोबाईलवर बघायचे तेवढे जोडा. पहिली फाईल टाका, तिच्यावर राईट क्लिक करून दुसरी ‘अपेंड’ करा. ‘ॲड’ करू नका, नाहीतर दुसरा तुकडा पहिल्याच्या मागं न लागता वेगळा ट्रॅक म्हणून बसतो.

परभणीकर:
वडिलांच्या आवडीचे तेवढे आज रात्री जोडतो. बाकीचे नावं बदलून तसेच ठेवतो.