करार वाचला तरी प्रश्न सुटत नाही

सही करण्याआधी अटी वाचल्या असत्या तर जिमला आगाऊ भरलेले पैसे बुडाले नसते, असं म्हटलं जातं. मला ते पूर्ण पटत नाही. आपण बारीक अक्षरांना फसतो तेवढेच स्वतःबद्दलच्या अंदाजालाही फसतो.

डेलाविन्या आणि माल्मेंडिअर या अर्थशास्त्रज्ञांचा 2006 चा अभ्यास बघा. अमेरिकेतल्या तीन जिममध्ये महिन्याला 70 डॉलरहून जास्त भरणारे सभासद सरासरी चारेक वेळाच जात. म्हणजे एका खेपेला 17 डॉलरच्या वर, आणि दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला 10 डॉलरमध्ये भागलं असतं. ‘मी नियमित जाईन’ हा विश्वासच महाग पडला.

नाशिकला कॉलेज रोडवर वेगळं काही नाही. माझ्या मामेबहिणीने भरलेला फॉर्म मी पाहिलाय. पुढे वार्षिक सवलतीचा ठळक आकडा, आणि ‘कोणत्याही कारणास्तव फी परत मिळणार नाही’ ही ओळ मागच्या पानावर, सहीच्या जागेपासून लांब. पुढे तिची बदली झाली, पैसे गेले ते गेलेच.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची व्याख्या आहे, हे चांगलंच झालं. पण सेवेतल्या त्रुटीची तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते, अन्यायकारक कराराची मात्र राज्य आयोगाकडे न्यावी लागते. आठ-दहा हजारांसाठी तिथवर कोण जाणार? ही तरतूद बदलायलाच हवी. तोवर सवलत सोडा, तीन महिन्यांचीच फी भरा.