मदत हवी आहे: मुलगा स्वतःतच बुडालेला असतो
कोथरूडला राहतो, मुलगा 14 वर्षांचा. परवा सासूबाई शेजारच्या खोलीतून तीनदा पाणी मागत होत्या, ह्याच्या कानात इअरबड्स, ढिम्म हलला नाही. मुळात मायाळू आहे हो, पण रील्स सगळ्या त्याच्याच आवडीच्या, एक संपली की दुसरी तयारच, मग दुसऱ्यासाठी थांबायची सवय राहणार कशी. फॅमिली लिंकवर (मुलांच्या फोनवर पालकांना मर्यादा घालता येणारं गूगलचं ॲप) 1 तासाची लिमिट लावली, रात्री 10 ला वायफाय बंद केलं, नुसती चिडचिड वाढली. फोन काढून घेता येत नाही, क्लासचं सगळं व्हॉट्सॲपवर येतं. वेताळ टेकडीवर झाडांना पाणी घालतात तसल्या कामात त्याला न्यावं म्हणतेय, रविवार सकाळच मोकळी असते. या वयाच्या मुलांना घेणारा ग्रुप कुणाला माहितीये का, आणि सुरुवातीला आम्ही सोबत जावं की एकट्यालाच पाठवावं?