घरचा डेस्कटॉप अचानक सुरू होईनासा झाला : पंखे फिरतात, पण पडदा काळाच

रामबागवासी, इंदूर

नमस्कार. आमच्याकडे 2016 साली जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे : सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार-चार जीबीच्या दोन रॅम, विंडोज टेन असलेली एसएसडी आणि कागदपत्रांसाठी एक टीबीची वेगळी हार्ड डिस्क. परवा संध्याकाळी पावसात वीज दोन-तीनदा गेली आणि लगेच आली. त्या वेळी संगणक चालू होता. दुसऱ्या दिवशी बटण दाबल्यावर समोरचा दिवा लागतो आणि आतले दोन्ही पंखे फिरतात, मात्र मॉनिटरवर 'नो सिग्नल' एवढेच येते. कीबोर्डवरील नम लॉकचा दिवाही कळ दाबून बदलत नाही.

एका दुकानात फोनवर विचारले, तर त्यांनी संगणक न पाहताच सांगितले की मदरबोर्ड गेला असावा, घेऊन या, फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकून देऊ. मला याचीच धास्ती वाटते. वडिलांनी टंकून ठेवलेल्या आजोबांच्या आठवणी आणि आमच्या गणेशोत्सवाचे अनेक वर्षांचे हिशेब त्या हार्ड डिस्कवर आहेत आणि त्यांची दुसरी प्रत नाही. संगणक दुकानात नेण्यापूर्वी घरी काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_दुरुस्तीकार, इंदूर

सर्वांत आधी, फॉरमॅटला कोणालाही होकार देऊ नका. आपण दिलेल्या वर्णनात उत्तराचा निम्मा भाग आलेलाच आहे. बटण दाबल्यावर मदरबोर्ड प्रथम प्रोसेसर, रॅम आणि पडद्याची व्यवस्था तपासतो. ही तपासणी पार पडली, तरच तो डिस्ककडे वळतो आणि विंडोज शोधतो. नम लॉकसुद्धा प्रतिसाद देत नाही, म्हणजे आपला संगणक या पहिल्या टप्प्यातच अडकला आहे. जिथे डिस्क वाचण्यापर्यंत गाडी पोहोचलेलीच नाही, तिथे विंडोज नव्याने टाकून काय साधणार?

आता काम. भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढा आणि उरलेला प्रवाह निघून जावा म्हणून संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरा. दोन्ही डिस्कच्या वायरी सोडवून ठेवा. तपासणीला त्यांची गरज नाही आणि आपला जीवही भांड्यात पडेल. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही काढा आणि मॉनिटरची वायर थेट मदरबोर्डला लावा.

यानंतर रॅम. कॅबिनेटच्या रंगवलेल्या नव्हे, उघड्या धातूला हात लावून मगच रॅम कडेने धरून काढा. तिच्या सोनेरी पट्टीवर पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा पूर्ण झटका आणि पट्टीला पुन्हा बोट लागू देऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात बंद पडलेले कितीतरी संगणक एवढ्यानेच सुरू होतात, कारण दमट हवेत या पट्टीवर बारीक थर चढतो आणि संपर्क नीट होत नाही. परत बसवताना एकच रॅम लावा आणि खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबा. मग दुसरी रॅम एकटी लावून पाहा, आणि शेवटी तीच दुसऱ्या खाचेत.

आणखी एक चाचणी आहे, जी दुकानात सहसा कोणी समजावून सांगत नाही. मदरबोर्डच्या 'स्पीकर' असे लिहिलेल्या पिनांवर लावायचा छोटा बीप स्पीकर अगदी स्वस्तात मिळतो. तो लावा, सगळ्या रॅम काढा आणि संगणक सुरू करा. पुन्हा पुन्हा बीप आली, तर प्रोसेसर जिवंत आहे आणि मदरबोर्ड रॅम नसल्याची तक्रार करतो आहे, असे समजा. तसे झाले तर मदरबोर्ड गेल्याचे निदान बहुतेक निकालात निघते. काहीच आवाज आला नाही, तर मात्र वीजपुरवठ्यावर संशय घ्यावा लागेल.

बडोदेकर_इलेक्ट्रिकल, दांडिया बाजार, वडोदरा

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. मी फक्त एसएमपीएसबद्दल, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल लिहितो, कारण पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस ठीक आहे, हा समज फार पसरलेला आहे. पंखा बारा व्होल्टवर चालतो आणि तो दहा व्होल्टवरही फिरत राहतो. मदरबोर्डला मात्र तेवढी घट चालत नाही.

घरी मल्टिमीटर असेल तर तो डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन काळ्या वायरीत आणि लाल पिन मोठ्या चोवीस पिनांच्या जोडणीत मागच्या बाजूने घाला. संगणक चालू असताना पिवळ्या वायरीवर 11.4 ते 12.6, लाल वायरीवर 4.75 ते 5.25 आणि नारिंगी वायरीवर साधारण 3.14 ते 3.47 व्होल्ट यायला हवेत. करड्या वायरीवर पाच व्होल्टच्या आसपास दाब आला नाही, तर पुरवठा स्थिर झाल्याचा इशारा मदरबोर्डला मिळतच नाही आणि तो पुढे सरकत नाही. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी जोडणीसुद्धा हाताने दाबून पाहा, मात्र संगणक बंद करून. हाताळण्यात ती सैल झाली, तर पंखे फिरतात आणि पडदा मात्र काळाच राहतो.

एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि तो वायर काढल्यावरही काही काळ टिकू शकतो. संशय आला तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणे हाच योग्य मार्ग आहे.

एक विचारतो : कॅबिनेटला हात लावल्यावर कधी मुंग्या आल्यासारखे वाटते का? तसे असेल तर त्या प्लगला अर्थिंग नाही. जुन्या घरांत हे नेहमी आढळते, आणि ते संगणकापेक्षाही घरातल्या माणसांसाठी आधी दुरुस्त करून घ्यायला हवे.

रामबागवासी, इंदूर

आपल्या दोघांच्या सूचनांप्रमाणे सर्व तपासले. मल्टिमीटरवरील आकडे मर्यादेत आले. मुंग्या येत नाहीत. जेल रोडवरून बीप स्पीकर आणला. रॅमशिवाय लांब बीप सारखी येत राहिली, तेव्हा फार हायसे वाटले. एक रॅम लावताच पडदा उजळला. दुसरी रॅम लावली की, खाच कोणतीही असो, पडदा काळा.

मात्र चांगल्या रॅमवर आता वेगळाच पेच आहे. प्रथम तारीख चुकल्याचा आणि सेटिंग पुसल्याचा संदेश येतो आणि एफ-वन दाबायला सांगितले जाते. एसएसडी पुन्हा जोडल्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' असे येऊन सगळे थांबते. गेले काही आठवडे घड्याळ मागे जात होते, हे आता लक्षात येते. आम्ही रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करतो. एसएसडीसुद्धा गेली असेल का?

जुना_दुरुस्तीकार, इंदूर

एसएसडी गेली असे आत्ताच धरू नका. घड्याळ मागे जात होते, ही मोलाची खूण आहे. मदरबोर्डवर नाण्यासारखा सीआर 2032 सेल असतो. भिंतीवरचे बटण चालू असते तोवर घड्याळाला एसएमपीएसकडूनच वीज मिळते. ते बंद केले की सगळा भार त्या सेलवर येतो. आपला सेल संपला आहे आणि त्यामुळे बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रामच्या, सेटिंग मूळ स्थितीला गेल्या आहेत. त्याचा आणि बिघडलेल्या रॅमचा थेट संबंध नाही. दोन्ही दुखणी एकाच वेळी समोर आली, इतकेच.

नवा सेल बसवा आणि डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये जा. डिस्कच्या यादीत एसएसडीचे नाव दिसते का, हे प्रथम पाहा. दिसत असेल तर दोन गोष्टी तपासा. साटा मोड, म्हणजे मदरबोर्डने डिस्कशी बोलण्याची पद्धत, बहुधा एएचसीआय असायला हवा. आणि त्या काळातील पुष्कळ संगणकांवर विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेले असे. मूळ स्थितीत बायोस फक्त यूईएफआय ही नवी पद्धत शोधत असेल, तर त्याला तेच विंडोज दिसत नाही. सीएसएम किंवा लेगसी हा जुनी पद्धत चालू देणारा पर्याय चालू करून एसएसडी पहिल्या क्रमांकावर आणा. प्रत्येक बदलाआधी पडद्याचा फोटो काढून ठेवा.

हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी एक सूचना : नव्या संगणकांवर डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असू शकते. अशा वेळी बायोसच्या सेटिंग बदलल्या की 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती हाताशी असल्याशिवाय सेल काढू नये.

रामबागवासी, इंदूर

एसएसडी यादीत दिसत होती. सीएसएम चालू केल्यावर विंडोज पूर्वीसारखे उघडले. त्यानंतर संगणक बंद करून हार्ड डिस्क जोडली; वडिलांच्या सर्व फाइली जागेवर आहेत आणि या क्षणी त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरत आहे. वडील शेजारीच बसून एकेक फाइल उघडून पाहत आहेत. आपणा दोघांचे मनापासून आभार.

आता एवढेच विचारायचे आहे : चार जीबीवर काही दिवस काढले तर चालेल का, आणि नवीन रॅम घेताना काय पाहावे?

बडोदेकर_इलेक्ट्रिकल, दांडिया बाजार, वडोदरा

चालेल, फक्त संगणक संथ वाटेल. उरलेल्या रॅमवर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवून घ्या आणि त्यात एकही चूक निघाली, तर तीही बदला, कारण सदोष रॅम फाइली नकळत बिघडवू शकते. सहाव्या पिढीचे काही बोर्ड डीडीआर-थ्रीचे आहेत आणि काही डीडीआर-फोरचे, आणि दोघांची खाच वेगळी असते. त्यामुळे बंद पडलेली रॅम सोबत घेऊन दुकानात जा आणि तिच्या लेबलवरील प्रकार व वेग पाहूनच नवी घ्या. प्रत पूर्ण होईपर्यंत मात्र संगणक बंद करू नका, आणि इन्व्हर्टर असेल तर आत्ताच त्यावर घ्या असेही म्हणत नाही. तो बदल प्रत उतरल्यानंतर करा.