पहिल्या महायुद्धावरची प्राथमिक पुस्तके वाचूनही संगती लागत नाही, काय करावे?

प्रश्न

पहिल्या महायुद्धावरची नवख्या वाचकांसाठी लिहिलेली दोन छोटी पुस्तके मी नुकतीच वाचून संपवली. दोन्हींची सुरुवात २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत झालेल्या आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांच्या हत्येपासून होते आणि चार-पाच पानांतच अर्धा युरोप रणांगणात उतरतो. ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला म्हणून जर्मन सैन्य बेल्जियममध्ये का शिरले, हे मला अजूनही कोणाला समजावून सांगता येणार नाही. आता तिसरे पुस्तक घ्यावे, की हीच पुन्हा वाचावीत?

उत्तर १

हीच पुन्हा वाचा, मात्र या वेळी शेजारी कोरा कागद ठेवून २८ जून ते ४ ऑगस्ट या काळातली प्रत्येक तारीख एकेका ओळीवर मांडा. हत्येला सर्बियाला जबाबदार धरून ऑस्ट्रियाने त्याला निर्वाणीचा खलिता दिला तो थेट २३ जुलैला. मधल्या काळात, ५ आणि ६ जुलैला, जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन दिले होते, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. रशियाने सर्बियाच्या पाठीशी उभे राहून सैन्याची जमवाजमव सुरू केली, तेव्हा जर्मनीपुढे पूर्वेला रशिया आणि पश्चिमेला त्याचा मित्र फ्रान्स अशा दोन आघाड्यांवर लढण्याचा प्रसंग आला. रशियाची जमवाजमव पूर्ण होण्याआधी फ्रान्सला नमवायचे, आणि फ्रान्सची सरहद्द किल्ल्यांनी भक्कम असल्यामुळे बेल्जियममधून वळसा घालायचा, ही योजना जर्मन सेनाधिकाऱ्यांनी कित्येक वर्षे आधीच आखून ठेवली होती. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडन तहाने दिलेली असल्यामुळे ४ ऑगस्टला ब्रिटनही युद्धात उतरला.

उत्तर २

याला मी नकाशाची जोड देईन, आणि तो १९१४ चाच हवा. त्या नकाशात पोलंड नावाचा देश नाही. वॉर्सा रशियाकडे, प्राग ऑस्ट्रिया-हंगेरीकडे आणि बगदाद ऑटोमन साम्राज्याकडे आहे. लेम्बर्ग आणि ल्व्होव्ह ही एकाच शहराची (आजच्या युक्रेनमधील ल्विव) दोन नावे आहेत हे ठाऊक नसल्यामुळे पूर्व आघाडीवरचे एक अख्खे प्रकरण मी चुकीचे समजून वाचले होते. शिवाय लहान पुस्तके बहुधा पश्चिम आघाडीवरच रेंगाळतात. फ्रान्समधील सोमच्या लढाईला पाने मिळतात, पण मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कुत येथे जवळपास पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर एप्रिल १९१६ मध्ये सुमारे १३,००० ब्रिटिश व हिंदी सैनिकांनी शरणागती पत्करली, ती घटना एका वाक्यात उरकली जाते.

उत्तर ३

तीच पुस्तके पुन्हा वाचून भागेल, असे मला वाटत नाही. दुसरे पुस्तक पहिल्याशी मतभेद असणारे निवडावे आणि दोन्हींचे प्रकाशनवर्ष आधी पाहावे. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातील २३१ व्या कलमाने युद्धातील हानीसाठी जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांना जबाबदार धरले. पुढे दोष सर्वांमध्ये वाटून देण्याकडे कल झुकला. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेच जर्मन नेतृत्वाची जबाबदारी पुन्हा ठामपणे पुढे आणली, आणि हा वाद आजही मिटलेला नाही. तुमची दोन पुस्तके कोणत्या बाजूची आहेत, हे कळल्याशिवाय त्यांनी काय गाळले ते कळणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कागद मांडायला आजच सुरुवात केली. एका पुस्तकात २८ जूननंतरची पुढची तारीख एकदम २३ जुलैच आहे. ५ आणि ६ जुलैच्या ओळी मला दुसऱ्या पुस्तकातून भराव्या लागल्या.