'दोन धपाटे घाला' या सल्ल्याला उत्तर

खानापूरची अंगणवाडी ताई

परवा आपल्या बेळगाव भागातल्या पालकगटावर एक मजकूर फिरला: "हल्लीची पोरं रस्त्यात लोळतात कारण कुणी हात उगारत नाही. वेळेवर दोन धपाटे घाला, जन्मभर सरळ राहतील." खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

तीन वर्षांचं पोर खडेबाजारात फुग्यासाठी जमिनीवर पडतं तेव्हा ते तुमचा पाणउतारा करायला पडलेलं नसतं. दीड ते तीन-साडेतीन या वयात थयथयाट सगळ्यात जास्त, कारण काय हवंय ते पक्कं कळतं, सांगायला शब्द पुरत नाहीत आणि मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग अजून कोवळा असतो. तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. त्या घडीला व्याख्यान द्या नाहीतर चापट मारा, डोक्यात काहीच शिरत नाही. चापटीनं पोर गप्प होतं ते भिऊन. हवी ती वस्तू मागायची कशी आणि मिळाली नाही तर काय करायचं, हे त्याला तेव्हाही कळलेलं नसतं.

मग करायचं काय? गाड्यांच्या वाटेतून बाजूला घ्या, उचलून न्यावं लागलं तर न्या. उकिडवं बसा, म्हणजे तुमचं तोंड त्याच्या तोंडासमोर येईल. एकच वाक्य बोला: "तुला फुगा हवाय, राग आलाय. आज फुगा घ्यायचा नाही." मग गप्प. थोड्या वेळानं तेच वाक्य, त्याच आवाजात. "का रडायलास?" विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्यापाशी नसतं. दुकानदार "घ्या हो वहिनी, दहा रुपयाचाच आहे" म्हणणार, त्याच्याकडे बघू नका. शमलं की पाणी पाजा, जवळ घ्या. फुगा मात्र तेव्हाही नाही.

आणि फुंकर. रागाच्या भरात "लांब श्वास घे" सांगून उपयोग नाही, ते आधी शिकवून ठेवायचं. जेवायला बसल्यावर: भाकरी तव्यावरनं आत्ताच उतरलीय, वाफ निघायलीय, फुंकर घाल, हळू, लांब. रोज चार-पाच फुंकरा. आत घेतलेल्या श्वासापेक्षा बाहेर सोडलेला लांब झाला की धडधड उतरते. पंधरा-वीस दिवस हा खेळ झाला की रागाच्या वेळी "भाकरी गरम आहे" एवढ्यावर पोरांना पुष्कळदा आठवतं.

वडगावचे गुरुजी

ताई, फुग्याच्या गोष्टीत "फुगा मात्र तेव्हाही नाही" हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तेच घराघरांत पाळलं जात नाही. माझा विरोध तिथे आहे. समजूत, समजूत म्हणत आई नऊ वेळा नाही म्हणते आणि दहाव्यांदा देऊन टाकते. पोर काय शिकलं? की दहा वेळा ओरडावं लागतं. रोज मिळणाऱ्या गोष्टीची सवय लवकर सुटते, कधीतरीच मिळणाऱ्या गोष्टीची सुटत नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघरी बसून हेच चक्र टिपलं होतं: पोर रडतं, मोठा माघार घेतो, पोर थांबतं, दोघांनाही तात्पुरतं बरं वाटतं आणि पुढची खेप जास्त जोराची येते.

दुसरं असं की ज्या दिवशी तुम्ही खरोखर नाही म्हणायला लागता, त्या दिवसापासून ओरडणं आधी वाढतं. चार-पाच दिवस, कधी आठवडा. इथेच लोक हरतात. "बघा, तुमचा उपाय उलटा पडला" म्हणत सोडून देतात, म्हणजे अगदी शिखरावर असताना पोराला जिंकवतात. त्यापेक्षा एक चापट बरी, निदान तिचा अर्थ पोराला कळतो.

आमच्या भागात घरातच माग चालतात. मागाच्या खडखडाटात, धागा तुटलेला, बोटं अडकलेली, अशा वेळी आईनं उकिडवं बसून वाक्य म्हणावं ही अपेक्षा कोण पुरी करणार?

टिळकवाडीची समुपदेशक

गुरुजी, पॅटरसनचं अर्धंच सांगितलंत. चक्राची दुसरी बाजूही त्यांनीच दाखवली. मोठा माणूस खेकसतो, पोर क्षणभर गप्प होतं, म्हणून मोठ्यालाही खेकसायची सवय लागते. काल आवाज पुरला, आज चापट लागते, उद्या पट्टा. चापट त्या चक्राबाहेरची नाही, ती त्याचंच एक टोक आहे.

शिवाय २०१६ साली एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी ७५ अभ्यास एकत्र करून तपासले, मुलं सुमारे १ लाख ६० हजार. चापट खाणाऱ्या मुलांत पुढे आक्रमकपणा आणि मनाचे त्रास जास्तच दिसले, वागणं सुधारल्याचं दिसलं नाही.

वडगावचे गुरुजी

जे पोर मुळात दांडगं, तेच जास्त मार खाणार. मग मारामुळे दांडगं झालं की दांडगं म्हणून मार खाल्ला, हे तुमच्या आकड्यांत कसं दिसणार?

टिळकवाडीची समुपदेशक

आक्षेप रास्त आहे, मान्य करते. म्हणूनच त्याच मुलांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासणारे अभ्यासही आहेत, आणि सुरुवातीचा दांडगेपणा हिशेबात धरूनही कल बहुतेक तोच राहतो. पण शाळेत हा वादच उरत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा नाही, मानसिक छळही नाही. "तुझ्या बापाला बोलावू काय" असं चारचौघांत म्हणणंही त्यात येऊ शकतं.

मागाचं म्हणता ते खरं आहे. म्हणून घाईच्या वेळेसाठी वेगळा उपाय असतो. साधारण तीन ते सात-आठ वर्षांच्या पोराला मारामारी, चावा, वस्तू फेकणं यांसाठी थोडा वेळ खेळातून बाजूला बसवायचं. जितकं वय तितकी मिनिटं, पाच वर्षांच्याला पाच. उजेडात, डोळ्यांसमोर. अंधारी खोली नाही, बाहेरून कडी नाही. बसल्यावर बोलणं बंद. उठल्यावर भाषण नाही, फेकलेली वस्तू उचलून घेणं एवढंच. भीतीनं किंवा भुकेनं रडणाऱ्याला हे करू नका, आणि दोन वर्षांच्या आतल्याला तर नाहीच.

शांत दिवसांतही काम असतं, ते कुणी करत नाही. रोज दहा मिनिटं पोर म्हणेल तो खेळ. त्यात सूचना नाही, प्रश्न नाही, फोन नाही. आणि कौतुक नेमकं: "शहाणं बाळ" याला अर्थ नाही, "न सांगता चपला जागेवर ठेवल्यास" याला आहे.

निपाणीकर पालक

सगळं सोडा, मूळ मोबाईल आहे. पोरं मोबाईलशिवाय घास गिळत नाहीत. तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबून आलेली बाई रडं थांबवायला तोच हातात देते. मोबाईल बंद करा, निम्मे थयथयाट बंद.

खानापूरची अंगणवाडी ताई

दादा, निम्मं पटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाच्या आतच मोबाईल-टीव्हीचा पडदा सांगितलाय, कमी तितकं चांगलं. पण हातातनं हिसकावला तर थयथयाट तुम्हीच ओढवून घेता. "पाच मिनिटं राहिली" हे चार वर्षांच्या पोराला कळत नाही. "हे गाणं संपलं की ताईच्या हातात द्यायचा" हे कळतं. बागेतही तेच, "अजून दोन घसरगुंड्या, मग घरी." आणि रडताना दिलाच नाही पाहिजे. रडं आलं की मोबाईल, ही गाठ एकदा बसली की पोर स्वतः शांत व्हायला शिकतच नाही.

येळ्ळूरची हायस्कूल शिक्षिका

तुम्ही सगळे फुग्यावरच अडकलाय. आमच्याकडची पोरं पंधरा वर्षांची आहेत, त्यांना उकिडवं बसून काय सांगणार?

शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक घ्या. ती पहाटेपर्यंत चालते. पोरगा म्हणतो रात्रभर थांबणार, बाप म्हणतो दहाला घरी. संध्याकाळी सातला उंबऱ्यात भांडण झालं की दोघंही हरले. हे आठ दिवस आधी बसून ठरवायचं. आधी त्याचं पूर्ण ऐका, मध्ये न तोडता. मग तुमची काळजी एका वाक्यात: दारू प्यालेली टोळकी, परतीची गाडी. मग दोघांनी मिळून काढलेला मार्ग: कुणाबरोबर, कुठल्या चौकात, कितीला फोन, कोण आणणार. मोडलं तर काय, तेही आधीच आणि सोसेल इतकंच. "महिनाभर घराबाहेर पाय टाकायचा नाही" असलं बोलू नका, तिसऱ्या दिवशी तुम्हीच मोडता.

झोप हा तर कुणी विचारतच नाही असा विषय. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास लागतात आणि या वयात झोप येतेच उशिरा. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या वर्षी पहाटे पाचची शिकवणी, रात्री अकरापर्यंत अभ्यास. सहा तास झोपलेलं पोर दार आपटणारच.

आणि शाळेतल्या "उद्धट" पोरांबद्दल एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. कुठल्या तासाला उद्धट, ते बघा. पुष्कळदा कन्नडच्या. कर्नाटकच्या २०१५च्या कायद्यानं कन्नड पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली, पण घरी, गल्लीत, देवळात मराठीच ऐकणाऱ्या पोराला ती परकी भाषा म्हणून पायरीपायरीनं कुणी शिकवत नाही. फळ्याकडे बघत चाळीस मिनिटं काढायची. मग बाकावर ताल धरणं, शेजाऱ्याला कोपर मारणं, बाहेर घालवून घेणं. बाहेर जायला मिळालं की सुटका, म्हणजे शिक्षा नव्हे, बक्षीसच.

चिकोडीचे कन्नड शिक्षक

बाई, इथे थांबा. मी घरी मराठी बोलतो आणि शाळेत कन्नड शिकवतो. प्रत्येक गोष्टीचं खापर कन्नडच्या तासावर फोडायची आपल्याकडे सवयच झालीय. गणिताच्या तासालाही हीच पोरं कोपर मारतात. घरी मोठी माणसं "ती आपली भाषा नव्हे" म्हणत बसली तर पोर पुस्तक उघडेल कशाला? पोराचा राग पुष्कळदा घरातून उसना आणलेला असतो.

येळ्ळूरची हायस्कूल शिक्षिका

उसना? तिसरीतल्या पोराला काना-मात्रा वेगळ्या, अक्षरं वेगळी, आणि चुकल्यावर सगळा वर्ग हसतो. ती लाज उसनी नाही सर. तुम्ही भाषेची बाजू घेताय, मी पोराची घेतेय.

निपाणीकर पालक

सरांनी हे लिहायला नको होतं. आमची मराठी शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेतात आहे आणि वर आमच्यावरच ठपका.

चिकोडीचे कन्नड शिक्षक

मी ठपका ठेवला नाही. पोर माझ्यासमोर बसलेलं असतं, तुमच्या-आमच्या वादासमोर नाही. सीमावाद त्याच्या दप्तरात घालू नका एवढंच म्हणतो. त्याचा त्याला काय उपयोग?

टिळकवाडीची समुपदेशक

दोघंही आवाज जरा खाली घ्या. भाषेचा प्रश्न इथे खरा आहे, तो आणखी दोन ठिकाणी दिसतो.

एक, मराठी बालवाडीतून थेट कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाच्या पहिलीत घातलेलं पोर. नवी भाषा कानावर पडायला लागली की काही आठवडे ते काही महिने पोर नुसतं ऐकतं, बोलत नाही. हा हट्ट नव्हे, उद्धटपणाही नव्हे. घरी मराठीत ते मनमोकळं बोलतंय ना, ते बघा. घरच्या भाषेतही बाहेर कुठेच तोंड उघडत नसेल आणि हे महिना-महिना लांबत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

दोन, शाळेत गप्प आणि चार वाजता घरी पाऊल टाकल्या टाकल्या आकांडतांडव. दिवसभर धरून ठेवलेलं तिथे सुटतं. पहिला अर्धा तास प्रश्न नको. "आज काय शिकवलं, कन्नडला किती मार्क" तर नकोच. आधी खायला द्या.

आणि रागाला, भीतीला नाव द्यायचं ते घरच्या भाषेत. परक्या भाषेतला "राग" पोराला टोचत नाही आणि उतरतही नाही.

चिकोडीचे कन्नड शिक्षक

हे शेवटचं मला पटत नाही. "सिट्टु बंता?" (राग आला का?) असं विचारलं तरी पोर डोळे पुसत मान हलवतं. शब्दापेक्षा विचारणारा माणूस कोण, ते बघतं. पण एवढं मान्य करतो की पहिल्या महिन्यात पाठांतर मागण्याऐवजी तीन वाक्यं द्यायला हवीत: "नीरु बेकु," "तिळियलिल्ल," "होरगे होगला?" पाणी हवं, कळलं नाही, बाहेर जाऊ का. "कळलं नाही" म्हणता येत नाही, तेच पोर बाक वाजवतं.

येळ्ळूरची हायस्कूल शिक्षिका

हे सगळ्या शिक्षकांनी केलं असतं तर मला वरचं लिहावंच लागलं नसतं. बाकीच्या मुद्द्यावर मी ठाम आहे.

आणखी एक गोष्ट, वादात हरवू नये म्हणून. बाक वाजवणारं पोर तिन्ही भाषांत अक्षरं उलटी लिहीत असेल तर तो भाषेचा वाद नव्हे. आधी कान आणि डोळे तपासा, मग वाचन-लेखनाची अडचण. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आता मोजली जाते.

टिळकवाडीची समुपदेशक

आणि वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचं अशा वेळा: पाच वर्षांनंतरही रोज कितीतरी वेळा आणि अर्धा-अर्धा तास चालणारे थयथयाट, स्वतःला मारून घेणं, डोकं आपटणं, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा लागणं. मोठ्या पोरानं "मी नसलेलं बरं" म्हटलं तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, "मरून जावं असं वाटायलंय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. एकटं सोडू नका. शेतातल्या औषधाच्या बाटल्या कुलपात घाला आणि किल्ली स्वतःच्या कमरेला. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६, दिवसरात्र, फुकट, भाषा निवडता येते. लहान मुलांसाठी १०९८. पुढचे उपचार धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी रुग्णालयात होतात, सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

वडगावचे गुरुजी

चापटीबद्दल माझं मत पुरतं बदललेलं नाही. पण शाळेत ती नको, आणि घरातही ती पहिला उपाय नको, इथवर येतो. पालकांना सांगायचं तर मला ठोस काहीतरी द्या. भाषण नको.

खानापूरची अंगणवाडी ताई

गुरुजी, एक शंभर पानी वही. सात ते दहा दिवस. चार रकाने: किती वाजता, लगेच आधी काय झालं, पोरानं नेमकं काय केलं, त्यानंतर मोठ्यांनी काय केलं. "चिडला" असं लिहू नका, "तांब्या फेकला, दाराला लाथ मारली" असं लिहा. दहा दिवसांनी वेळेच्या रकान्यावर बोट फिरवलं की सहसा दिसतं, साडेपाच ते सात. भूक, दमणूक, माग थांबायची वेळ. मग साडेपाचच्या आधी केळं नाहीतर गुळ-शेंगदाणे आणि दहा मिनिटं जवळ. चौथा रकाना लोक रिकामा ठेवतात, तो मात्र रोज संध्याकाळी भरून घ्या.

वडगावचे गुरुजी

चौथा रकाना आई भरेल की बाप?

खानापूरची अंगणवाडी ताई

त्या वेळी जो घरात होता तो. आज्जी असेल तर आज्जीला विचारून.